चकलीची कढई आणि आठ मिनिटं

हे एका विशिष्ट घरात घडलेलं प्रकरण नाही. फराळाच्या दिवसांत ज्या चुका घरोघरी होतात, त्या एकाच ओट्यावर मांडून ही परिस्थिती उभी केली आहे. माणसं काल्पनिक आहेत. उष्णतेचा हिशेब आणि चुकांचा क्रम खरा आहे.

दोन बेडरूमचा फ्लॅट, सात फुटांचा ओटा. मधोमध काचेची शेगडी, वर चिमणी, खालच्या कपाटात १४.२ किलोचा सिलिंडर. मोठ्या बर्नरवर सव्वादोन लिटर मावेल एवढी कढई आणि तिच्यात दीड लिटर रिफाइंड तेल. आदल्या दिवशी याच तेलात शंकरपाळी झाली होती. शेगडीच्या डाव्या अंगाला वर्तमानपत्र पसरून त्यावर निथळायला टाकलेल्या चकल्या, त्यांच्या पलीकडे तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, बूच उघडं. उजव्या कोपऱ्यात पोहे भाजायला २००० वॅटचं इंडक्शन. ते एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेलं, कारण ओट्यावरच्या पॉवर पॉइंटला मिक्सर अडकवलेला होता.

तिसऱ्या घाण्यात चकल्या जरा जास्त पडल्या. तेल निवलं, चकल्या तेलकट निघाल्या. सासूबाईंनी त्या काढल्या, आच पूर्ण मोठी केली आणि तेल पुन्हा तापायची वाट बघत उभ्या राहिल्या. कढई त्या वेळी रिकामी, म्हणजे नुसतं तेल. तेवढ्यात इंडक्शन विझलं.

“आई, हे बंदच पडलं. आणि कसला तरी जळका वास येतोय.”

“एमसीबी पडला असेल गं. स्टूल घे, मी धरते.”

दोघी बाहेरच्या पॅसेजमध्ये गेल्या. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पडलेला नव्हताच. मग शेजारचा खटका पाडून पाहिला, टॉर्च शोधला, कुठला खटका कुठल्या खोलीचा यावर थोडी चर्चा झाली. परत फिरल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून नारिंगी उजेड दिसत होता.

तेलाचा हिशेब

चकली तळायला तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस लागतं. रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल साधारण २२५-२३० अंशांना धूर सोडायला लागतं. आधी वापरलेलं तेल त्याच्याही आधी, कारण त्यात पिठाचे जळके कण आणि तुटलेली मेदाम्लं असतात. घाण्याचं शेंगदाणा तेल तर १६० च्या आसपासच धुरकटतं. ३२० अंशांच्या पुढेमागे तेलाची वाफ इतकी दाट होते की जवळ ज्योत असेल तर ती पेट घेते. गॅसवर ज्योत जवळ असतेच, कढईच्या काठाला चाटत असते. ठिणगीशिवाय, आपोआप पेटायला तेल आणखी तापावं लागतं, साडेतीनशे-चारशेच्या घरात.

आता वेळ मोजू. दीड लिटर तेल म्हणजे जेमतेम १.४ किलो. घाणा काढल्यावर ते १५० अंशांवर होतं असं धरलं, तर तिथून ३३० पर्यंत न्यायला, कढईच्या बुडाचं वजन धरून, साधारण ६५० किलोज्यूल उष्णता लागते. मोठ्या बर्नरची पूर्ण आच तीन किलोवॅटच्या आसपास असते आणि तिच्यातली निम्म्याहून थोडी जास्त भांड्यात जाते. म्हणजे दीड-पावणेदोन किलोवॅट. भागाकार केला तर सात मिनिटं. वरून आणि काठांवरून जाणारी उष्णता धरली तर आठ-नऊ. धूर दिसायला मात्र दोन-तीन मिनिटंच लागतात. म्हणजे धूर आणि ज्वाळा यांच्यामध्ये पाचेक मिनिटं होती. हा अवधी चांगला मोठा आहे, फक्त तेव्हा ओट्याजवळ कुणी नव्हतं.

नेमकं याच वेळी तेल इतकं झपाट्याने का तापलं, हे तळणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कढईत चकल्या असतात तेव्हा बुडबुडे येतात. ते पिठातल्या पाण्याच्या वाफेचे. पाव किलो ओल्या चकल्यांच्या एका घाण्यातून ७०-८० ग्रॅम पाणी उडतं आणि ते उडवायला १६० ते १८० किलोज्यूल खर्च होतात. आचेचा बराच भाग पाण्यावर जातो, म्हणून तेल आटोक्यात राहतं. घाणा काढला की तो खर्च थांबतो आणि सगळी आच सरळ तेलात शिरते. कढई सगळ्यात धोक्याची असते ती दोन घाण्यांच्या मधे, आणि माणूस ओट्यापासून हलतो तोही तेव्हाच: सोऱ्या भरायला, डबा आणायला, दार उघडायला.

म्हणून झारा वर आला की आच खाली, हा हात बसवून घ्यावा. पुढचा घाणा सोडायच्या आधी आच मध्यम करावी, भाजणीची छोटी गोळी टाकावी; ती बुडबुड्यांसकट लगेच वर आली की चकल्या सोडाव्यात. ३०० अंशांपर्यंत मोजणारा तळणाचा थर्मामीटर मिळाला तर फारच उत्तम. १९० दिसले की गॅस बंद. आणि ओटा सोडायचा असेल, अगदी कुरियर घ्यायलासुद्धा, तर आच मंद करून नव्हे, बंद करून जायचं. निवलेलं तेल पुन्हा तापायला दोन-तीन मिनिटं लागतात, एवढाच तोटा.

हल्लीच्या काही शेगड्यांत ज्योत विझली की गॅस तोडणारी सोय असते. ती गॅसगळतीसाठी चांगली आहे, पण तेल किती तापलं याच्याशी तिचा काही संबंध नाही. साध्या शेगडीवर तापमान बघणारं एकच यंत्र असतं, आणि ते या वेळी पॅसेजमध्ये स्टूल धरून उभं होतं.

तेलाची पातळीही चुकली होती. तेल तापलं की फुगतं, ३०० अंशांच्या पुढे जवळजवळ पाचव्या हिश्शाने. दीड लिटरचं तेल पावणेदोन-एक लिटर होतं. त्यात ओली चकली किंवा, त्याहून वाईट, साबुदाणा वडा पडला की फेस काठापर्यंत येतो आणि बाहेरून ओघळून थेट बर्नरवर. कढईत तेल तिसऱ्या हिश्शापर्यंत, फार तर निम्मं. सव्वादोन लिटरच्या कढईला एक लिटर पुष्कळ झालं. चकल्या चारच सुटतील, हे खरं. घाणे वाढतील.

जळका वास

सगळं सुरू झालं ते प्लगपासून, तेव्हा त्याच्याकडेही बघू. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. एक्स्टेन्शन बोर्डाचं सॉकेट ६ अँपिअरचं आणि वायरही तेवढ्याच ताकदीची. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या होत्या. पिन आत हलत होती. सैल जोडाला विरोध वाढतो. तो अर्धा ओम जरी झाला तरी ८.७ अँपिअरला त्या एका ठिकाणी ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची डाग द्यायची इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये तिच्याहून तापलेली वस्तू तासभर खुपसून ठेवल्यासारखं झालं. प्लास्टिक मऊ झालं, पट्टी सरकली, इंडक्शन बंद पडलं.

एमसीबी का पडला नाही? कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं. १६ अँपिअरच्या एमसीबीमधून ८.७ अँपिअर जात होते. जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट झालं तर तो पडतो. सैल जोडाची उष्णता त्याला कळत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका, तोही इथे गप्प राहतो, कारण करंट जमिनीत गळत नव्हता. ही आग पकडायची तर नाकाने आणि हाताने. इंडक्शन, एअर फ्रायर, ओटीजी, गीझर यांचे प्लग महिन्यातून एकदा काम संपल्यावर, बटण बंद करून, काढून बघावेत. पिन काळवंडली असेल, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडा आली असेल, किंवा प्लग हात लावेनासा गरम लागत असेल, तर वायरमनला बोलवायची वेळ झाली. बसवायचा तो १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, मागे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंग. पॉवर पॉइंटची जाड पिन बारीक सॉकेटात बसवणारे अडॅप्टर मिळतात. ते घरात नसलेले बरे.

वास आला तेव्हा क्रम असा हवा होता: गॅस बंद, मग मुख्य खटका बंद, मग शोध. तापलेल्या बोर्डाचं बटण चाचपत बसायचं नाही.

इंडक्शनवर तळलं असतं तर? बऱ्याच इंडक्शनवर तळणासाठी वेगळं बटण असतं आणि ते तापमान आवरतं. पण मोजणारा सेन्सर काचेच्या खाली, मधोमध असतो. भांड्याचं बूड सपाट आणि काचेला चिकटलेलं नसेल तर त्याला तेलाची खबर उशिरा पोचते. तेल अगदी थोडं असेल तर खबर पोचायच्या आत काम होऊन जातं: पावशेर तेल पूर्ण पॉवरवर दोन-तीन मिनिटांत तीनशेच्या वर जाऊ शकतं. उपकरणाच्या पुस्तिकेत तळणासाठी कमीत कमी तेल किती ते दिलेलं असतं, आणि तो आकडा याच कारणासाठी असतो. एअर फ्रायरमध्ये तेलाचा साठाच नसल्यामुळे हा धोका राहत नाही. तिथे वेगळीच खोड आहे. रिकाम्या टोपलीत बटर पेपर घालून ती आधी तापवायला लावली की पंख्याच्या वाऱ्याने कागद उडून वरच्या तारेला चिकटतो आणि पेटतो. कागद नेहमी पदार्थाच्या वजनाखाली.

चिमणीने काय केलं

चिमणी चालू होती. तळताना ती चालू असायलाच हवी, पण तिचा एक परिणाम सहसा कुणी बोलत नाही: पाच मिनिटांचा धूर तिने ओढून घेतला. नाहीतर तो पॅसेजपर्यंत आला असता आणि दोघी धावत आल्या असत्या. चिमणी असलेल्या घरात ‘धूर झाला की कळेल’ यावर विसंबता येत नाही.

ज्वाळा आल्यावर तिने दुसरं काम केलं. ज्वाळा वर खेचल्या आणि फिल्टरवरचं तेलकट किटण पेटलं. खालची तेल साठायची वाटी अर्धी भरलेली होती. ऑटोक्लीन चिमणीत आतली चरबी तापवून वितळवली जाते आणि ती याच वाटीत जमते. वाटी आपणच रिकामी करायची असते. ‘ऑटो’ या शब्दाने पुष्कळांची फसगत झाली आहे.

फराळाच्या आधी एकदा आणि मधे एकदा फिल्टर धुवावेत, एरवी दोन-तीन आठवड्यांनी. स्टीलचे बॅफल फिल्टर कडक पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवावेत, मग ब्रश. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा घालू नये, ती काळी पडते. नुसतं लिक्विड आणि गरम पाणी. पूर्ण वाळल्यावरच परत बसवावेत. शेगडीपासून चिमणीची उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर असते, बसवताना पुस्तिकेतला आकडा पाहावा. ओटा उंच करून घेतला आणि चिमणी तिथेच राहिली, असं नूतनीकरणात बरेचदा होतं.

दारात पोचल्यावर

कढईतून दोन-अडीच फूट ज्वाळा, वर पेटलेला फिल्टर, डावीकडे कागद अजून पेटलेला नाही. पिण्याच्या पाण्याचा भरलेला तांब्या हाताशी. सासूबाईंचा हात तांब्याकडे गेला, आणि तो जाणारच. आयुष्यभर आग म्हटली की पाणी.

पाणी तेलापेक्षा जड असतं, ते सरळ तळाशी जातं. तिथे तेल तीनशेच्या वर. तळाशी गेलेलं पाणी तत्क्षणी वाफ होतं आणि एका लिटरची वाफ सुमारे १७०० लिटर जागा घेते. अर्ध्या तांब्याने शेकडो लिटर वाफ जळतं तेल छतापर्यंत उडवते, आणि हवेत उडालेला प्रत्येक थेंब पेटलेला असतो. कढईपुरती असलेली आग अशीच सगळ्या खोलीची होते. सुनेने तांब्या हिसकावून घेतला, म्हणून हे प्रकरण इथे लिहिण्याइतकं लहान राहिलं.

मैदा, बेसन, भाजणी यांतलं काहीही आगीवर उधळू नये. पीठ हवेत उडालं की त्याचाच भडका होतो. पाणी गळणारं ओलं फडकंही नको, त्याचं पाणी तेच करतं. कढई उचलून सिंककडे किंवा बाल्कनीत नेणं हा तर सगळ्यात वाईट पर्याय: चालताना ज्वाळा अंगाकडे वळतात, दांडा तापलेला असतो, हात सुटतो आणि तेल पायांवर आणि फरशीवर.

करायचं ते इतकंच. आधी गॅस. शेगडीची बटणं ज्वाळांच्या पुढ्यात असतील तर तिकडे हात घालू नये, खालच्या कपाटात रेग्युलेटर बंद करावा. पाइप गॅस असेल तर शेगडीच्या नळीवरचा व्हॉल्व्ह. मग झाकण. कढईपेक्षा मोठं, धातूचं, कोरडं, काचेचं तडकतं. इथे झाकण सिंकमध्ये ओलं पडलं होतं, म्हणून भिंतीला टेकवलेली स्टीलची परात घेतली. परात ढालीसारखी पुढे धरून, कढईच्या आपल्याकडच्या काठावरून पलीकडे सरकवत न्यायची. वरून आपटायची नाही. हवा तुटली की ज्वाळा काही क्षणांत बसतात. चिमणी बंद, तीही खोलीतल्या मुख्य खटक्यावरून.

पुढची चूक ज्वाळा विझल्यावर झाली. पाच मिनिटांनी परात उचलून पाहिली. तेल अजून साडेतीनशेच्या घरात होतं, हवा मिळाली आणि ते परत भडकलं. सुनेचं मनगट भाजलं ते या वेळी, पहिल्या आगीत नव्हे. दीड लिटर तेल झाकलेलं असताना हळूच निवतं. झाकण तास-सव्वा तास हलवायचं नाही. कढईला बाहेरून हात लावता आला की मगच.

भाजलेल्या जागी २० मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काही नाही. सूज यायच्या आत बांगड्या काढायच्या. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ सुती कापड सैल झाकायचं आणि दवाखाना.

झाकण एका प्रयत्नात बसलं नाही, किंवा ज्वाळा कपाटाला लागल्या, तर विझवणं सोडून द्यायचं. सगळ्यांना बाहेर काढायचं, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, लिफ्ट न वापरता जिना उतरायचा आणि १०१ किंवा ११२. सोसायटीच्या जिन्यात टांगलेला सिलिंडर बहुतेकदा कोरड्या पावडरचा असतो. जवळून मारला तर पावडरचा झोत जळतं तेल उडवतो. तेलाच्या आगीसाठी वेगळं ओलं रसायन येतं, ‘एफ’ वर्गाचं. घरासाठी त्यापेक्षा फायर ब्लँकेट सोपं पडतं, फक्त ते शेगडीच्या वरच्या कपाटात नको. दाराजवळच्या खिळ्याला हवं.

पुन्हा गॅस पेटवण्याआधी

उरलेल्या भाजणीच्या चकल्या दुसऱ्या दिवशी करायच्या होत्या. त्याआधी केशरी सुरक्षा नळी पूर्ण लांबीभर पाहिली. तिच्यावर छापलेली तारीख बघावी; पाच वर्षं झाली असतील तर आग लागलेली असो वा नसो, बदलायचीच. साबणाचा फेस रेग्युलेटरच्या आणि शेगडीच्या जोडाला लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. वास येत असेल तर खटका लावायचा किंवा पाडायचा नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि १९०६ हा गॅसगळतीचा क्रमांक. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखालच्या कपाटात साठतो. पाइप गॅस हलका, तो छताकडे जातो. गॅसची सूचना देणारं यंत्र लावायचं तर या हिशेबाने खाली किंवा वर. धुराचा अलार्म स्वयंपाकघरात फोडणीलाही ओरडतो आणि आठवड्याभरात त्याची बॅटरी काढली जाते. तिथे सुमारे ५७ अंशांना वाजणारा उष्णतेचा अलार्म ठीक.

जळलेलं तेल सिंकमध्ये ओतलं नाही, गार झाल्यावर बाटलीत भरून टाकलं. तळण पुन्हा वापरायचं नव्हतंच. तेलाचा कॅन बूच लावून खालच्या फळीवर गेला. वर्तमानपत्राच्या जागी स्टीलची जाळी आणि खाली ताट आलं, आणि तेही शेगडीपासून हातभर लांब. (छापील कागदावर तळण काढू नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरण शाईच्या कारणाने सांगतच असतं.) सुती साडी, पदर खोचलेला. मिक्सरचा प्लग काढून पॉवर पॉइंट मोकळा केला. एक्स्टेन्शन बोर्ड कचऱ्यात. परात मात्र या वेळी कणीक-भाजणीला घेतली नाही. ती कोरडी पुसून शेगडीच्या उजव्या हाताला उभी ठेवली, आणि मग बर्नर पेटवला.